सर्कशीच्या जाहिरातीतली जाड पायांची अक्षरं

अमेरिकन वेस्टर्न सिनेमात शेरीफच्या कचेरीबाहेर एक पिवळट कागद हमखास ठोकलेला दिसतो. वर मोठ्या अक्षरांत ‘वॉन्टेड’, मध्ये फरारी माणसाचं चित्र, खाली बक्षिसाची रक्कम. आता तीच अक्षरं आणखी कुठे दिसतात ते आठवून पाहा. पॉपकॉर्नच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या डब्यावर, ‘कार्निव्हल थीम’ असलेल्या वाढदिवसाच्या पत्रिकेवर, जादूच्या प्रयोगाच्या जाहिरातीत, परदेशी सॉसच्या बाटलीवर. रोमन लिपीतलं अक्षर कुठलंही असो, डोक्यावर आणि पायाशी जाडजूड आडवी पट्टी असते. पोटात कधी वेलबुट्टी, तर कधी पाठीमागे सावली. शब्द वाचून होण्याआधीच आपल्या मनात खेळ, जत्रा, पाट्यांची गर्दी असं काहीतरी उभं राहतं.

घोड्यावरचा गुराखी, सर्कशीतला विदूषक आणि सॉसची बाटली यांच्या वाट्याला एकच अक्षर कसं आलं? आणि त्याचे पाय इतके जाड का? या अक्षरांना नुसती नटवी म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. त्यांच्या अंगावरच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागे छापखान्यातली एखादी अडचण आहे आणि कुणीतरी शोधून काढलेला तिच्यावरचा उपाय आहे.

अक्षराचे पाय

इंग्रजी पुस्तकातलं मोठं ‘आय’ हे अक्षर जवळून पाहा. उभ्या दांड्याच्या वर आणि खाली एक छोटी आडवी रेघ दिसेल. तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकी टाइपात ती नाजूक असते, दांड्यापेक्षा कितीतरी बारीक. हीच रेघ दांड्याइतकी किंवा जवळपास तितकीच जाड केली आणि तिची टोकं चौकोनी छाटली की झाली स्लॅब सेरिफ.

या कुळाच्या मुख्य शाखा तीन. पहिलीत पट्टी दांड्याला काटकोनात जोडलेली असते. दुसरीत जोडाच्या जागी छोटी कमान असते, म्हणजे दांडा वळत वळत पट्टीत मिसळतो. तिसरीत पट्टी चक्क दांड्याहून जाड असते. ‘वॉन्टेड’च्या कागदावरची अक्षरं या तिसऱ्या शाखेतली. या तिन्हींवर वेलबुट्टी, सावली, पोटातली पांढरी रेघ असा साज चढवला की शोभिवंत स्लॅब सेरिफ तयार होते. ती शीर्षकासाठी, पाटीसाठी, दुरून वाचण्यासाठी असते. अशा टाइपाला डिस्प्ले टाइप म्हणतात.

लंडनच्या भिंतींवरची चढाओढ

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टाइप बनायचा तो मुख्यतः पुस्तकांसाठी. वाचक हातभर अंतरावर पान धरून शांतपणे वाचणार, हे त्यात गृहीत होतं. एकोणिसावं शतक उजाडलं तसं लंडनमध्ये चित्र बदललं. लॉटरीवाले, नाटकवाले, औषधं विकणारे, घोडागाड्यांच्या फेऱ्या चालवणारे असे सगळेच भिंतींवर कागद चिकटवू लागले. चालत्या माणसाची नजर काही क्षणांत पकडायची होती, आणि शेजारच्या कागदालाही तेच करायचं होतं.

पहिला उपाय सुचला तो अक्षर लठ्ठ करण्याचा. १८०३ च्या सुमारास रॉबर्ट थॉर्न या टाइप ओतणाऱ्या कारागिराने जाड अक्षरं आणली. त्यांचे उभे दांडे खांबासारखे भक्कम होते, पण आडव्या रेघा आणि सेरिफ मात्र केसाइतके बारीक राहिले. जवळून हा विरोध देखणा दिसायचा. दुरून पाहताना बारीक रेघा नाहीशा होत आणि मागे नुसते काळे खांब उरत. शिवाय दाबाखाली त्या रेघांचे तुकडे पडत ते वेगळंच.

म्हणून बारीक भागालाच अंग भरायचं असं ठरलं. विन्सेंट फिगिन्स या लंडनच्या ओतशाळावाल्याच्या १८१५ ची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुनापुस्तिकेत ‘अँटिक’ नावाचा टाइप दिसतो. त्यात फक्त मोठी अक्षरं होती. दांडा, आडवी रेघ, सेरिफ, सगळं जवळजवळ एका जाडीचं. दुरूनही पूर्ण अक्षर दिसू लागलं. छापतानाही ते टिकलं. ज्ञात असलेली पहिली छापील स्लॅब सेरिफ ती हीच.

नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तची मोठी हवा होती, त्यामुळे लवकरच या घराण्याला ‘इजिप्शियन’ असं नाव पडलं. थॉर्नच्या मृत्यूनंतर १८२० मध्ये त्याची ओतशाळा विल्यम थॉरोगुड याने घेतली, तीही लॉटरीत जिंकलेल्या पैशातून, असं सांगतात. लॉटरीच्या जाहिरातींनी ज्या अक्षरांना जन्म दिला, त्यांचा कारखाना लॉटरीच्याच पैशावर पुढे चालावा, हा योगायोग मला फार आवडतो.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, कॅसलन अँड कॅदरवुड या ओतशाळेने सगळा तोलच उलटा केला. जाड ते बारीक आणि बारीक ते जाड. आडवे भाग भरभक्कम आणि उभे दांडे किरकोळ. वाचकाला सवय असलेली रचना अशी उलटी झाल्यावर नजर अडखळणारच, आणि जाहिरातदाराला तर ते हवंच होतं. जुन्या चालीच्या मुद्रकांना हे सहन झालं नाही. टी. सी. हॅन्सार्ड या मुद्रकाने १८२५ च्या आपल्या ग्रंथात या नव्या अक्षरांना चांगलंच झोडपलं आहे.

कमानदार जोडाचा ‘क्लॅरेंडन’ १८४५ मध्ये आला. रॉबर्ट बेस्ली याने थॉरोगुडच्या त्याच, म्हणजे फॅन स्ट्रीटच्या ओतशाळेतून तो बाजारात आणला आणि नव्या कायद्याखाली त्याची नोंदणीही केली. संरक्षण मिळालं तीन वर्षांचं. मुदत संपताच इतर ओतशाळांनी नकला काढायला सुरुवात केली. क्लॅरेंडनचा पहिला उपयोग तसा साधा होता. शब्दकोशात किंवा वेळापत्रकात चालू मजकुराच्या मध्येच एखादा शब्द ठळक करायचा, तर त्याला शोभेल असा जाड टाइप हवा होता. पुढे तो अमेरिकेत जाऊन जे झाला, ते बेस्लीच्या मनातही आलं नसेल. बेस्ली स्वतः नंतर लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

शिसं हरतं तिथे लाकूड

मोठ्या जाहिरातीसाठी अक्षरं वीतभर, हातभर उंचीची लागत. शिशाच्या मिश्रधातूत एवढं मोठं अक्षर ओतणं जिकिरीचं. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे मोठ्या अक्षराचा पृष्ठभाग मध्ये खोलगट होतो आणि शाई सारखी लागत नाही. वजन इतकं की एक ओळ उचलायला दोन माणसं लागावीत. शिवाय धातूचा टाइप विकला जायचा वजनावर, म्हणजे मोठं अक्षर खिशालाही जड.

न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने १८२७ मध्ये लाकडी अक्षरं यंत्रावर कापण्याची रीत काढली आणि १८२८ मध्ये लाकडी टाइपाची पहिली नमुनापुस्तिका छापली. लाकडात हाताने अक्षर कोरणं जुनंच होतं. वेल्सने आणला तो राउटर, म्हणजे वेगाने फिरणारं उभं पातं. ते पृष्ठभागावरून फिरवलं की नको असलेलं लाकूड निघून जातं आणि अक्षर उठून उभं राहतं.

लाकूड होतं मेपलचं, चांगलं सुकवलेलं, आणि कापलेलं आडवं, म्हणजे ओंडक्याच्या टोकावर वर्तुळं दिसतात तो भाग वर येईल असं. अशा कापात लाकडाचे तंतू उभे राहतात. मग पातं कुठल्याही दिशेने फिरवा, चिरफळ्या उडत नाहीत आणि पृष्ठभाग दाबाखाली चेपत नाही. प्रत्येक ठोकळ्याची उंची धातूच्या खिळ्यांइतकी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांइतकी, ०.९१८ इंच, अचूक घासून आणलेली. त्यामुळे लाकडी ठोकळे आणि शिशाचे खिळे एकाच चौकटीत शेजारी शेजारी बसत.

१८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थ याने या राउटरला पँटोग्राफ जोडला. पँटोग्राफ म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या काड्यांची चौकट. तिच्या एका टोकाला खुंटी असते आणि दुसऱ्या टोकाला पातं. मोठ्या लाकडी नमुन्याच्या कडेकडेने खुंटी फिरवली की पातं तोच आकार लहान करून कापत जातं. प्रमाण बदललं की माप बदलतं. एका नमुन्यातून हव्या त्या उंचीची अक्षरं निघू लागली.

शोभिवंत अक्षरांचं पुढे जे अमाप पीक आलं, त्याचं बी मला या यंत्रात दिसतं. धातूत प्रत्येक मापासाठी कारागिराला पोलादी ठसा नव्याने कोरावा लागे, आणि वेलबुट्टी असेल तर ते काम कित्येक पटींनी वाढे. आता नमुना एकदाच करायचा. मग त्यात फूल असो की सावली, खुंटी फिरवणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागणार, इतकंच. नक्षी स्वस्त झाली आणि कारखान्यांमध्ये चढाओढ लागली. कनेक्टिकटमधल्या विल्यम पेज याच्या कारखान्याने तर या कलेत कमाल केली. पुढे १८८० मध्ये विस्कॉन्सिनच्या टू रिव्हर्स गावात जे. ई. हॅमिल्टन याने आणखी स्वस्त रीत शोधली. पातळ लाकडातून अक्षर करवतीने कापायचं आणि साध्या ठोकळ्यावर चिकटवायचं. १८९१ मध्ये हॅमिल्टनने पेजचा कारखानाच विकत घेतला.

यंत्राचा हात अक्षराच्या आकारातही दिसतो. फिरतं पातं गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा त्याला कधीच टोकदार कापता येत नाही. तो नंतर माणूस बारीक हत्याराने साफ करायचा. लाकडात केसाइतकी रेघ टिकणं कठीण, जाड पट्टी मात्र वर्षानुवर्षं मार खाते. स्लॅब सेरिफ लंडनमध्ये जन्मली, पण लाकडाशी तिची अशी मैत्री होती म्हणून अमेरिकेत तिचा वंश वाढला, असं मला वाटतं.

> चौकट : पाहून ओळखा
>
> जोड काटकोनात, सगळीकडे सारखी जाडी – अँटिक किंवा इजिप्शियन.
>
> जोडाला कमान, जाड-बारीक थोडा फरक – क्लॅरेंडन.
>
> अक्षर उंच आणि अरुंद, डोक्या-पायाच्या पट्ट्या दांड्याहून जाड – फ्रेंच क्लॅरेंडन, म्हणजेच ‘वॉन्टेड’चं अक्षर.
>
> सेरिफची टोकं दुभंगून माशाच्या शेपटीसारखी – टस्कन. हे स्लॅबचं सख्खं भावंड नव्हे, पण जाहिरातीत नेहमी शेजारी बसतं.

ओळ कडेपर्यंत भरायची

जुनी सर्कशीची जाहिरात पाहिली की एक गोष्ट खटकते. प्रत्येक ओळीचं अक्षर वेगळं. एक अरुंद आणि उंच, पुढचं बुटकं आणि रुंद, तिसरं सावलीवालं. आजचा डिझाइनर दोन टाइपांवर थांबतो, मग त्या लोकांना आवर का नव्हता?

खिळ्यांच्या छपाईत सगळा मजकूर लोखंडी चौकटीत पाचरी ठोकून घट्ट बसवावा लागतो. ओळ अपुरी पडली तर रिकाम्या जागी कोऱ्या पट्ट्या भरता येतात, पण कोरी जागा म्हणजे वाया गेलेली जाहिरात. म्हणून जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कारागीर, प्रत्येक ओळ कडेपर्यंत ताणायचा. ‘द’सारखा छोटा शब्द रुंद अक्षरांत, कलावंताचं लांबलचक नाव अरुंद अक्षरांत. त्यात एका मापाच्या संचात प्रत्येक अक्षराचे ठोकळे मोजकेच. ‘ई’ संपले की पुढच्या ओळीला दुसरा संच काढण्यावाचून गत्यंतर नसे.

फ्रेंच क्लॅरेंडनचं कोडंही इथेच सुटतं. अक्षर अरुंद करत गेलं की दांडे जाड ठेवायला जागा उरत नाही, मधली पोकळी बुजते. रुंदीत जागा नाही, पण उंचीत आहे. म्हणून काळेपणा उभ्या दांड्यांतून काढून आडव्या पट्ट्यांत भरायचा. शब्दाच्या वर आणि खाली दोन गडद पट्टे तयार होतात आणि अरुंद अक्षरांची ओळही दुरून ठसठशीत दिसते.

लिंकनच्या हत्येनंतर एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेच्या युद्ध खात्याने मारेकऱ्यांवर १,००,००० डॉलरचं बक्षीस लावणारा जो कागद छापला, त्यातही निरनिराळ्या जाड अक्षरांच्या अशाच ओळी आहेत. सरकारी सूचना असो, घोड्यांचा लिलाव असो की नाटक, गावातल्या छापखान्यात जे लाकडी ठोकळे असत तेच सगळ्यांसाठी वापरले जात. ही अक्षरं त्या काळी गुराख्याची खूण नव्हती. पुढे सिनेमावाल्यांनी तो काळ उभा करायला ती उचलली, आणि आपल्या मनात गाठ पक्की झाली. १९३८ मध्ये इंग्लंडच्या स्टीफन्सन ब्लेक या ओतशाळेने रॉबर्ट हार्लिंग याचा ‘प्लेबिल’ हा टाइप काढला. नंतर तो मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर घराघरांतल्या संगणकांत आला. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फलकावर तुम्ही तो नक्की पाहिला असणार.

एक अक्षर, दोन ठसे

या सगळ्या कथेतला मला सर्वांत मोहवणारा भाग आहे तो रंगांचा. कापडावर ठशांची छपाई करणारे कारागीर बाह्यरेषेसाठी एक ठसा वापरतात आणि आतला रंग भरायला दुसरा. लाकडी टाइपवाल्यांनी अक्षरांचं हेच केलं. एकाच अक्षराचे दोन ठोकळे, कधी तीन. एकावर अक्षराचा भरीव भाग, दुसऱ्यावर कड, वेलबुट्टी आणि सावली. आधी पूर्ण शब्द लाल रंगात छापायचा, कागद वाळू द्यायचा, मग त्याच जागी दुसऱ्या ठोकळ्यांनी निळा. शाई थोडी पारदर्शक असली तर दोन्ही रंग जिथे एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग उमटतो. दोन छपाया, तीन रंग.

पेजने १८७४ मध्ये अशा रंगीत टाइपांची आणि किनारींची एक नमुनापुस्तिका काढली. लाकडी टाइपाच्या इतिहासात तिच्याइतकं देखणं पुस्तक दुसरं नाही. पण रंग जुळवणं मोठं कठीण. कागद केसभर सरकला तरी सावली भलतीकडे जाते आणि अक्षराच्या कडेला पांढरी फट दिसते. मोठ्या जाहिराती तोवर दगडावर चित्र काढून छापणाऱ्या लिथोग्राफीकडे वळू लागल्या होत्या. दगडावर चित्रकार हवी ती अक्षरं, हव्या त्या वळणात काढू शकत होता. लाकडी ठोकळे हळूहळू अडगळीत गेले.

ते पुन्हा उजेडात आले त्याचं मोठं श्रेय रॉब रॉय केली या कलाशिक्षकाला. त्याने ठोकळे जमवले, त्यांची वंशावळ लावली आणि १९६९ मध्ये अमेरिकन लाकडी टाइपावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा संग्रह आता टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या शाखेत आहे. टू रिव्हर्समध्ये हॅमिल्टनच्या नावाचं संग्रहालय उभं आहे, तिथे सुमारे १५ लाख लाकडी ठोकळे आहेत.

रोझवुड, आणि तो वापरायचा कसा

अडोबी कंपनीने १९९० पासून जुने लाकडी टाइप संगणकावर आणायला सुरुवात केली. १९९४ मध्ये आलेला ‘रोझवुड’ हा त्यातला शोभिवंत स्लॅब सेरिफचा उत्तम नमुना. किम बुकर चॅन्सलर, कार्ल क्रॉसग्रोव्ह आणि कॅरल ट्वॉम्बली यांनी तो पेजच्या कारखान्याच्या नक्षीदार क्लॅरेंडनवरून घडवला. फक्त मोठी अक्षरं, पोटात नक्षी, बाजूला सावली. सोबत ‘फिल’ नावाचा दुसरा फाँट येतो, त्यात त्याच अक्षरांचा नुसता भरीव भाग असतो.

वापरण्याची रीत पेजच्या छापखान्यातलीच. शब्द आधी ‘फिल’मध्ये टाइप करून त्याला फिकट किंवा झळझळीत रंग द्यायचा. त्याची प्रत काढून ती नेमकी त्याच जागी वर ठेवायची, तिला नक्षीचा फाँट आणि गडद रंग द्यायचा. दोन्ही फाँटांतल्या अक्षरांच्या रुंद्या सारख्या असल्याने शब्द तंतोतंत जुळतात. अक्षरांमधलं अंतर बदलायचं तर दोन्ही थरांत एकसारखं बदलायला हवं, नाहीतर जुन्या छापखान्यातला सरकलेला कागद संगणकावरही भेटतो. प्रत्यक्ष छपाईला देताना खालचा रंग वरच्या गडद कडेखाली थोडा पसरवून ठेवावा, म्हणजे यंत्रावर कागद हलला तरी फट दिसत नाही.

माप कमी केलं की हा टाइप संपतो. नक्षीतल्या बारीक फटींत शाई भरते आणि अक्षर डागासारखं दिसतं. मी तर एक इंचापेक्षा कमी उंचीवर तो लावूच नये म्हणेन. एक शब्द, फार तर दोन. उरलेला मजकूर साध्या टाइपात असावा. जुन्या जाहिरातींची ओळीओळीला टाइप बदलण्याची नक्कल करायची असेल, तर प्रत्येक ओळ खरोखर कडेपर्यंत ताणलेली हवी. तो ताण नसेल तर ती मिसळ नुसती विस्कळीत दिसते.

याच कुळातली साधी भावंडंही रोज आपल्यासमोर असतात. कूरियर या टंकलेखन यंत्राच्या टाइपात ‘आय’ आणि ‘एल’सारख्या सडपातळ अक्षरांना लांब पाय आहेत, कारण तिथे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते आणि रिकामी जागा पायांनीच भरून काढावी लागते. आयबीएमचं बोधचिन्हही चौकोनी पायांचंच.

देवनागरीत हे जमेल?

मराठी डिझाइनरांपुढे हा प्रश्न येतोच. इंग्रजी शीर्षक रोझवुडमध्ये आणि मराठी शीर्षक साध्या जाड फाँटमध्ये, अशी पत्रिका कितीदा तरी दिसते, आणि दोन्ही एकमेकांना परकी वाटतात. कारण रोमन स्लॅबचं वजन डोक्या-पायाशी दोन्हीकडे असतं, देवनागरीचं मुख्यतः शिरोरेषेवर. खाली अक्षर उघडं संपतं. त्यात वर मात्रा आणि रफार, खाली उकार, म्हणजे ठोकळ्याची पूर्ण उंची अक्षराला कधीच मिळत नाही.

अक्षराच्या वेगळेपणाचा आणि जाडीचा प्रश्न आपल्याकडे सुंदर सुटलेला आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं रेखाटली, तेव्हा प्रत्येक नाटकाला त्याच्या स्वभावाचं वेगळं अक्षर दिलं. अलीकडे मुंबईच्या एक टाइप या गटाचा ‘मोदक’ हा फाँट आला. त्यात अक्षर इतकं गुबगुबीत आहे की पोकळ्यांच्या जागी केवळ बारीक रेघा उरतात.

नक्षीची अडचण मात्र वेगळी आहे. रोमन अक्षरं सुटी उभी असतात, प्रत्येकाची कड आणि सावली तिथल्या तिथे संपते. देवनागरीत शिरोरेषा एका अक्षरातून दुसऱ्यात जाते. तिच्या पोटातून वेल काढली तर ‘क’पाशी संपणारं पान ‘म’पाशी सुरू होणाऱ्या पानाशी जुळलं पाहिजे, मग शेजारी कुठलंही अक्षर येवो. कडेची रेघ प्रत्येक जोडावर उभी येऊन शब्द कापते, आणि सावली पुढच्या अक्षराच्या अंगावर पडते. म्हणून शिरोरेषा भरीव, एकरंगी ठेवावी, दोन रंगांच्या फाँटमध्ये ती पूर्णपणे खालच्या थरात द्यावी, आणि नक्षी दांड्यांत व अक्षरांच्या पोटात भरावी, असं मला वाटतं. काना आणि दांडा यांच्या तळाला चौकोनी बैठक देता येईल. ‘द’, ‘ह’, ‘ट’ यांना दांडाच नाही, त्यांच्या शेपटीला मात्र दुसरा कुठलातरी तोल शोधावा लागेल.